खंडेनवमीची रॅकेट

प्रकरण अकरावे

ज्या वस्तूला शंभराहून अधिक वर्षे पाण्याचा स्पर्श झाला नव्हता, ती वस्तू शालूने खंडेनवमीच्या सकाळी मोरीवर नेली आणि चिंचेने घासली. तसे करण्यापूर्वी तिने कोणास विचारले नाही. आणि विचारावे म्हटले तरी ऐकून घेण्याइतके मोकळे त्या घरात त्या दिवशी कोणी नव्हते. तिचे सासरे वासुदेवराव ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसून, कालच छापून आलेले स्वतःचे पुस्तक लाल पेन्सिलीने तपासत होते. तिचा नवरा ज्ञानेश्वर दसऱ्याच्या बाजारासाठी वणा नदीच्या काठच्या वाडीत पहाटेपासून वांगी तोडत होता. धाकटा दीर प्रभाकरराव आदल्या संध्याकाळी वर्ध्याहून पुस्तकांचे गठ्ठे घेऊन आला होता, आणि आल्यापासून त्याच्या कानाचा फोन खाली उतरला नव्हता.

वास्तविक ही कामगिरी प्रभाकररावानेच तिच्यावर सोपवली होती. "वहिनी, दसऱ्याला प्रकाशनात रॅकेट मखमलीवर ठेवायची आहे, पाहुण्यांच्या पुढे. जराशी चांगली दिसली पाहिजे," असे तो म्हणाला होता.

रॅकेटला आजवर कोणी धुतले नव्हते, कारण तसा बंडूजींचा दंडक होता. बंडूजी म्हणजे वासुदेवरावांचे आजोबा. इंग्रज अमदानीत हिंगणघाटच्या कापूस व्यापाऱ्यांच्या क्लबात ते माळी होते. वणेचा गाळ आणि गाईचे शेण कालवून त्यांनी आपल्या हातांनी तिथे टेनिसचे कोर्ट तयार केले. कापसाच्या खरेदीसाठी आलेला थॉर्नबी साहेब त्या कोर्टावर आठ वर्षे खेळला आणि जाताना आपली रॅकेट बंडूजींच्या हाती देऊन गेला. जुन्या घडणीची, डोके एका बाजूस किंचित कललेली अशी ती रॅकेट. तिची आतड्याची तात तुटली तेव्हा बंडूजींनी एका पिंजाऱ्याच्या हातापाया पडून त्याच्या धनुकलीची तात तिला ओवून घेतली, आणि घरात सर्वांना बजावून ठेवले, "याले पानी लावजो नोको, तात सडन." तेव्हापासून दर खंडेनवमीला खुरपी, विळा, पावडे, कुदळ यांच्या मधोमध ही रॅकेट मांडली जाई. इतर हत्यारे धुतली जात आणि मग त्यांना हळदकुंकू लागे. रॅकेटला मात्र न धुताच, जुन्या हळदकुंकवावर नवे हळदकुंकू. चार पिढ्यांच्या बोटांनी तिच्या मुठीवर पिंपळाच्या सालीसारखे जाड कवच चढवले होते.

ते कवच शालूच्या अंगठ्याखाली निघू लागले. आधी लाल, मग पिवळे, मग काळपट लाल, पुन्हा पिवळे. तिची कंबर दुखत होती. अठ्ठावीस वर्षे या घरात मेथीच्या जुड्या बांधता बांधता तिला एवढे कळून चुकले होते की, घराण्याचा अभिमान हा नेहमी कोणाच्या तरी कंबरेवर उभा असतो. तेवढ्यात कवचाखाली रुप्याची एक पट्टी चमकली. पट्टीवर इंग्रजी अक्षरे होती.

"आकांक्षा, इकडे ये वो जराक," तिने मुलीला हाक मारली. "याच्यावर काई लिहेल आहे."

आकांक्षा वर्ध्याच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कामाला होती. आजोबांचे पुस्तक संगणकावर तिनेच उतरवून दिले होते. एकदा नव्हे, तीनदा, कारण आजोबांनी मजकूर तीनदा बदलला होता. त्यातले थॉर्नबी साहेबाचे सबंध चरित्र तिला पाठ होते. खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा. तबेल्याच्या मागल्या भिंतीवर चेंडू मारून शिकलेला. लॉन टेनिस हा खेळच नवा असतानाच्या काळात विलायतेत दोनदा अजिंक्य ठरलेला आर्थर थॉर्नबी. पहिला विजय १८८३चा, दुसरा १८८४चा.

तिने ओल्या पट्टीवरून पदर फिरवला आणि वाचले. मग पुन्हा वाचले.

"काय लिहेल आहे?"

"दुसरं बक्षीस," आकांक्षा हळूच म्हणाली. "एच. थॉर्नबी. अठराशे चौऱ्याऐंशी."

"मंग?"

"आई, आर्थर त्या वर्षी जिंकला होता. अन् एच म्हणजे आर्थर नाई. हा दुसराच कोनी तरी आहे."

शालूने हातातली चिंच खाली ठेवली. ओसरीवरून पान उलटल्याचा आवाज आला.

*

प्रभाकररावाने पट्टी उजेडात धरली, चष्मा कपाळावर चढवला, आणि एखाद्या अर्जात त्रुटी सापडावी तसा त्याचा चेहरा झाला. मागच्या अंगणात, सासऱ्यांच्या कानांपासून दूर, ही मंडळी उभी होती. जवळच बाजेवर वासुदेवरावांची मोठी बहीण सखूबाई उन्हाला पाठ देऊन लसूण सोलत होती.

"वहिनी, मी घासा म्हटलं होतं. खरवडा नव्हतं म्हटलं."

"तुमीच म्हटलं भाऊजी, चांगली दिसली पाहिजे. आता दिसून राह्यली चांगली."

"काय झालं बाप्पा?" सखूबाईने विचारले. "काऊन सारे चूप झाले? कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं आत्याबाई," शालू म्हणाली. "साहेब बदलला."

"त्यात काय नवल. प्रभ्याच्या हापिसात तं दर तीन सालानं बदलते."

 आकांक्षाने एवढ्या वेळात मोबाईलवर विलायतेतल्या एका जुन्या वर्तमानपत्राचे पान शोधून काढले होते. ते तिने काकाला समजावून सांगितले. अठराशे चौऱ्याऐंशीची अंतिम लढत दोघा भावांत झाली होती. आर्थर थोरला, हेन्री धाकटा. धाकटा हरला. थोरला पुढे बापासारखाच पाद्री झाला, आणि ज्या गावात जन्मला त्याच गावाच्या चर्चमागे पुरला गेला. तो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. धाकटा कापसाच्या धंद्यात शिरून मध्य प्रांतात गेला, एवढेच एका ओळीत लिहिले होते. पुढे त्याचे काय झाले याची चौकशी कोणी केलेली नव्हती.

"म्हणजे बंडूजींचा साहेब हा हेन्री," आकांक्षा म्हणाली. "आबाजींनी नागपूरच्या जुन्या पुस्तकात थॉर्नबी नाव पाह्यलं, फोटो पाह्यला, अन् धरून चालले का हाच तो. त्या पुस्तकात शेवटी फक्त एवढं होतं का, याने खेळ लवकर सोडला. आबाजींनी त्याले तिथून उचललं अन् हिंगणघाटात आणून ठेवलं. एकशे वीस पानापासून पुढे सारं चुकलं, काका."

प्रभाकरराव बाजेच्या कडेवर बसला. त्याच्या डोळ्यांपुढे दोनशे निमंत्रणपत्रिका उभ्या राहिल्या; नागपूरचे निवृत्त क्रीडाधिकारी उभे राहिले; आणि जाम गावच्या चौकात, हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांनाही दिसेल अशा उंचीवर लावलेला फ्लेक्स उभा राहिला: 'अजिंक्य थॉर्नबी – प्रकाशन समारंभ – दसरा, सकाळी दहा'. परंतु केवळ एवढ्याने तो खचला असता असे म्हणणे अन्यायाचे होईल. आई गेल्यापासून वडिलांना सकाळी अंथरुणातून उठवणारी गोष्ट ही एवढी एकच होती, हे तो जाणून होता. शिवाय, आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज नोंदवणाऱ्या या माणसाचे नाव छापील कागदावर प्रथमच आले होते ते याच पुस्तकाच्या ऋणनिर्देशात.

"वहिनी, कुंकू आणा," तो म्हणाला.

"कायले?"

"पुन्हा लावून टाकू. हळद अन् कुंकू, थोडं तेल. उद्याचा दिवस निघून जाऊ द्या. मग पाहू."

शालू क्षणभर उभी राहिली आणि देवघरातून करंडा घेऊन आली. तिच्या मनात खरे-खोटे असे काही नव्हते. तिला फक्त उद्या दुपारी बारा वाजलेले पाहायचे होते.

"आई, तू बी?" आकांक्षा म्हणाली.

"मी चार दिवसांपासून पाच वाजता उठून राह्यली. मले नोको सांगू."

"पण काका, कोनी विचारलं तर? मीच टाईप केलं आहे ते. माह्यं नाव आहे त्याच्यावर."

"कोण विचारते? हिंगणघाटात कोणी विचारते का हेन्री का आर्थर? अन् बाबांचं काय? एकतीस वर्षं, आकांक्षा. तू जन्मलीही नव्हतीस तेव्हा सुरू केलं त्यांनी. हे ऐकून त्यांच्या छातीत काही झालं तं तू जबाबदारी घेते?"

आकांक्षाने मोबाईल बंद केला. ती करंड्याकडे पाहू लागली. आणि अशा रीतीने, ज्या तिघांचे एकमेकांशी वर्षभरात क्वचित पटले होते, ते तिघे एका कुंकवाच्या करंड्याभोवती एकमताच्या जवळ आले.

"मले तं तवाच वाटे," सखूबाई लसणाच्या पाकळीकडे पाहत म्हणाली.

"काय वाटे आत्याबाई?"

"माहा आजा सांगे. साहेब रोज सांजेले तीच बाजी सांगे त्याले. चेंडू कसा आला, कुठं पडला, ऊन कसं डोळ्यावर होतं. रोज तेच. आठ सालं." तिने सोललेली पाकळी ताटलीत टाकली. "जिंकलेला मानूस एक डाव इतक्यांदा सांगत नाई बाप्पा. हरलेलाच सांगते."

"मग कधी बोलली काऊन नाई?"

"मले कोनी इचारलं? मी सारवत होती."

फाटकाशी रिकाम्या टोपल्या आपटल्याचा आवाज आला आणि ज्ञानेश्वर आत आला. छप्पन्न वर्षांचा, उन्हाने रापलेला, मान थोडी पुढे घालून चालणारा. त्याने तिघांची तोंडे पाहिली, रॅकेट पाहिली, करंडा पाहिला. शालूने त्याला दोन वाक्यांत सारे सांगितले.

त्याने करंड्यावर झाकण ठेवले.

"लावू नका काई," तो म्हणाला. "मी सांगतो बाबाले."

"दादा, तू?" प्रभाकरराव उठून उभा राहिला. "त्या पुस्तकाचं एक पान तू कधी उघडलं नाई. अन् सांगायची घाई तुलेच? मजा येऊन राह्यली तुले."

"मजा येन्याइतकी ताकत राह्यली नाई माह्यात. सकाळपासून बारा टोपल्या उचलल्या."

"मग उद्या सांग. समारंभ झाल्यावर."

"उद्या सांगतलं तं त्यायनं ते चार लोकात वाचलं असन. मंग ते वापस घेता येत नाई." त्याने रॅकेट एका धुतलेल्या फडक्यात गुंडाळली आणि आकांक्षाच्या हाती दिली. "दुपारी कोर्टावर सारवण आहे. रेघा पाह्यले येतेच ते. तू घेऊन येजो त्यायले."

प्रभाकररावाला याहून अधिक बोलायचे होते. परंतु थोरल्या भावाचा आवाज त्याने असा कधी ऐकला नव्हता. त्यात राग नव्हता. फार वर्षांपूर्वी सोडून दिलेली वस्तू पुन्हा उचलावी लागणाऱ्या माणसाचा तो आवाज होता.

*

बंडूजींचे कोर्ट ज्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, आवारात होते, तिथे आता यंत्रांची घरघर नव्हती. पण आवाराच्या मालकाने कोर्टाची जागा अजून मोडली नव्हती, आणि दर वर्षी नवमीला या घराण्याने ते सारवावे हा जुना रिवाज त्याने मनाई न करता चालू दिला होता. क्लब गेला, साहेब गेले, जाळीही गेली. जाळीच्या जागी दोन लोखंडी खांब आणि त्यांवर बांधलेला काथ्याचा दोर एवढेच उरले होते. तरी सारवण व्हायचे. पूर्वेकडून सुरू करून मागे मागे सरत यायचे. ओल्यावर पाय पडता कामा नये. शालू आणि दोन मजुरणी दुपारी तीनपर्यंत अर्ध्यावर आल्या होत्या. वाळलेल्या भागावर ज्ञानेश्वर सुतळी ताणून चुन्याच्या रेघा ओढत होता.

याच कोर्टावर वडिलांनी त्याला खेळायला शिकवले होते. साहेबाची विद्या घराण्यात उतरली पाहिजे, असा वासुदेवरावांचा त्या काळी ध्यास होता. पहाटे पाचला शंभर चेंडू, शाळेतून आल्यावर शंभर. पंच्याऐंशी साली नागपूरला शाळांच्या स्पर्धेत ज्ञानेश्वर अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि हरला. कप घेऊन तो मैदानाबाहेर आला तेव्हा वडील तिथे नव्हते. ते आधीच्या एस.टी.ने निघून गेले होते. सतरा वर्षांचा मुलगा कप पिशवीत घालून पुढच्या गाडीने एकटा घरी आला. दुसऱ्या दिवसापासून शंभर चेंडू बंद झाले. पुढे आठ वर्षांनी वासुदेवरावांनी पुस्तक लिहायला घेतले. जो विजेता त्यांना घरात घडवता आला नाही, तो त्यांनी कागदावर घडवायला आरंभ केला, असे ज्ञानेश्वरला वाटे. पण हे त्याने कोणाला बोलून दाखवले नव्हते.

ऑटो फाटकाशी थांबला. वासुदेवराव काठी टेकत, नातीच्या खांद्यावर हात ठेवून पूर्वेच्या टोकाला येऊन उभे राहिले. एक्क्याऐंशी वर्षांचा हा निवृत्त शिक्षक अजून धोतर नेसत असे, आणि रेघ वाकडी दिसली की त्याचा आवाज वर्गातला होत असे.

"ज्ञानेश्वर, ती डावीकडची रेघ कलली."

"करतो सरळ." तो उठला नाही. "बाबा, शेवटच्या चेंडूचं पान कोणतं?"

वासुदेवराव थबकले. एकतीस वर्षांत या मुलाने पुस्तकाविषयी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

"एकशे बारा. वाचलं तू?"

"ऐकलं. लहानपणी तुमच्या तोंडून. काय आहे ते पुन्हा?"

म्हातारा सरळ उभा राहिला. हे वाक्य त्यांनी बंडूजींच्या तोंडून दहाव्या वर्षी ऐकले होते आणि एक शब्द न बदलता पुस्तकात उतरवले होते. "'ऊन डोळ्यांवर होते. चेंडू डाव्या पायाशी रेघेवर पडला, चुना उडाला, आणि थॉर्नबी साहेबाच्या डोळ्यांत गेला. पुन्हा डोळे उघडले तेव्हा बाजी संपली होती.' खाली टीप दिली आहे. त्या दिवशी वारा उलटा होता, म्हणून चुना चेंडू मारणाऱ्याकडे, म्हणजे जिंकणाऱ्याकडे, उडाला."

"वारा होता हे बंडूजीनं सांगतलं?"

म्हाताऱ्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"नाही," वासुदेवराव म्हणाले. "ते मी लिहिलं. त्याशिवाय अर्थ लागत नव्हता."

ज्ञानेश्वरने खिशातून एक जुना, केस झडलेला चेंडू काढला. तो कडेने फिरून पश्चिमेच्या बाजूला, अजून न सारवलेल्या भागावर जाऊन उभा राहिला. एकोणचाळीस वर्षांनी त्याचा खांदा मागे गेला. चेंडू दोरावरून आला आणि म्हाताऱ्याच्या पुढ्यातल्या ताज्या रेघेवर, डाव्या पायाच्या वीतभर अलीकडे पडला. चुन्याचा पांढरा लोट उठला. पश्चिमेचे ऊन त्या लोटातून आरपार गेले. वासुदेवरावांनी डोळे मिटले, आणि धोतराच्या सोग्याने ते पुसले.

 आकांक्षाने फडके सोडले आणि रॅकेट पुढे केली. "आबाजी, आईनं सकाळी घासली. पट्टी निघाली खालून."

त्यांनी चष्मा पुसला. पट्टी डोळ्यांजवळ नेली, दूर नेली, पुन्हा जवळ आणली. आकांक्षाने वर्तमानपत्रातले सारे सांगितले. दोघा भावांचे, पाद्र्याचे, चर्चमागच्या मातीचे. ऐकताना त्यांनी एकदाही तिला अडवले नाही. ही गोष्ट तिला सर्वांत भयंकर वाटली. कारण आजोबा कोणालाही वाक्य पुरे करू देत नसत.

कोर्टाच्या कडेला दगडी रोलर पडला होता. त्यावर ते बसले.

"इकडून मारलेल्या चेंडूनं तिकडं चुना उडते," ते स्वतःशीच म्हणाले. आता त्यांच्या बोलण्यातला शिक्षक गळून गेला होता. "हे पोट्ट्यालेबी समजते. मले समजत होतं बे. मी वारा आनला."

पश्चिमेकडे शालूचा सारवणाचा हात थांबला होता. ज्ञानेश्वर कडेने फिरून वडिलांजवळ आला आणि रोलरच्या दुसऱ्या टोकाला टेकला.

"तुले केव्हा समजलं?"

"सकाळी."

"मंग आतापर्यंत काऊन थांबला?"

"सारवण होऊ द्याचं होतं. घरी सांगतलं असतं तं तुमी तसेच उठून इथं आले असते. ओल्यावर पाय ठेवला असता."

म्हाताऱ्याच्या तोंडावर काहीतरी हलले. ते हसू होते की नाही, हे सांगता येणार नाही. "थकलो गा," ते म्हणाले. ज्ञानेश्वरही थकला होता. बापलेक एका दगडावर, चौथ्या पिढीच्या कामाकडे पाहत, सारवण पुरे होईपर्यंत बसून राहिले. शालू मागे मागे सरत जात होती. शेवटचा ओला पट्टा तिच्या हाताखाली उन्हात चमकला.

*

दिवेलागणीला हत्यारे धुऊन देवघरापुढे पाटावर मांडली गेली. प्रभाकररावाने दुपारपासून फोन बंद ठेवला होता. वडील ऑटोतून उतरले तेव्हा तो धावत गेला होता. त्यांचा हात त्याने धरला, नाडी पाहिल्यासारखे मनगट चाचपले, आणि त्यांनी "जिवंत आहे, सोड" म्हटल्यावर सोडला. आता तो भिंतीला टेकून उभा होता. पाटावर करंडा उघडा होता, आणि पट्टी तशीच उघडी होती.

"आकांक्षा, कागद घे," वासुदेवराव पाटासमोर बसत म्हणाले. "शुद्धिपत्र लिहायचं आहे. सकाळी छापून आणजो आणि प्रत्येक प्रतीत पहिल्या पानावर चिकटवजो."

"बाबा, अजून विचार करा," प्रभाकरराव म्हणाला. "पाहुण्यांपुढे..."

"पाहुण्यांपुढे मीच वाचीन ते. लिही. पृष्ठ एकशे वीसपासून अखेरपर्यंत, जिथे आर्थर आहे तिथे हेन्री वाचावे."

आकांक्षाने लिहिले.

"पृष्ठ एकशे बारावरची टीप रद्द समजावी." ते थांबले. "वारा नव्हता."

"वारा नव्हता, हे लिहू?"

"लिही. तेच मुख्य आहे."

"अन् जामचा फ्लेक्स?" प्रभाकररावाने विचारले. त्याचा आवाज लहान झाला होता. "त्याच्यावर अजिंक्य लिहिलं आहे. फोटो आर्थरचा आहे."

"राहू दे त्याला तिथं. तोही चांगला खेळत होता."

सखूबाई बाजेवरून म्हणाली, "चला आटपा बाप्पा. माह्या पोटात कावळे वरडून राह्यले."

वासुदेवरावांनी हळदीत बोट बुडवले. खुरपीला लावले, विळ्याला लावले, कुदळीला, पावड्याला, कोयत्याला. पाटाच्या कडेला, दर वर्षी असतो तसा, बियाणे मोजायचा पत्र्याचा एक पेला होता. मेथी, पालक, धने, सारे बी शालू त्यानेच मोजत असे, आणि बियाण्याचे मापही हत्यारच म्हणून त्यालाही हळदकुंकू लागे. दर वर्षी वासुदेवराव त्याला न पाहताच बोट लावत आले होते. या वेळी त्यांनी तो उचलला. त्याला दोन कान होते. पोटावर हळदीचा थर होता. त्यांनी धोतराचा सोगा ओला केला आणि थर पुसू लागले.

 शालूला तो पेला कप होता हे ठाऊक होते. लग्नानंतर कोठीच्या माळ्यावर तिलाच तो सापडला होता. आकांक्षाला ठाऊक नव्हते.

"उपविजेता," वासुदेवरावांनी वाचले. "नागपूर. एकोणीसशे पंच्याऐंशी." त्यांनी मान वर केली नाही. "ज्ञानेश्वर, हे तुह्यं आहे?"

"माह्यंच आहे."

"इतके दिवस इथंच होतं?"

"बी चांगलं मोजल्या जाते त्याच्यानं," ज्ञानेश्वर म्हणाला. "कान आहेत. धराले सोपं पडते."

म्हाताऱ्याने कप पाटाच्या मधोमध ठेवला आणि रॅकेट त्याच्या शेजारी आडवी केली. कपाला हळदकुंकू लावले, अक्षरे सोडून. रॅकेटच्या मुठीला लावले, पट्टी सोडून. हात जोडले. नेहमीचा श्लोक म्हणण्यासाठी तोंड उघडले, पण श्लोक आला नाही. डोळे रॅकेटवर होते, आणि बोलणे कोणाशी होते हे त्या खोलीतल्या प्रत्येकाने आपापल्या परीने समजून घेतले.

"हरले होते तं सांगाचं होतं साहेब," ते म्हणाले. "कोर्ट आमी सारवलंच असतं."

ज्ञानेश्वर उठला आणि वांग्यांच्या टोपल्या आत ओढायला अंगणात गेला. टोपल्या त्याने दुपारीच आत ठेवल्या होत्या. प्रभाकररावाने त्याला थांबवले नाही.

कपातून मेथीचे चार दाणे पाटावर सांडले होते. शालूने ते वेचले आणि पदराच्या टोकाला बांधले. उद्या हत्याराला हात लावायचा नव्हता. पेरा परवा होता.